आठ हजार पौंड ओढणारी गाडी आणि आत बसलेली सहा माणसं

शेव्हरोलेच्या माहितीपत्रकात टाहोपुढे ८,४०० पौंड असा आकडा असतो. टोयोटा सिकोयापुढे ९,५२०, फोर्ड एक्स्पेडिशनपुढे ९,६००, जीप वॅगोनियरपुढे तर चक्क १०,०००. मागे लावलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल, याचे हे आकडे. ते खोटे नाहीत. पण सहा-सात माणसं बसवायची म्हणून ज्यांना ही गाडी घ्यायची आहे, नेमक्या त्यांच्याच उपयोगाला ते सहसा येत नाहीत.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये मोठ्या गाडीची चौकशी हल्ली ‘टो किती करते?’ या प्रश्नाशिवाय पुरी होत नाही. कोणाला मुलांना घेऊन कॅम्परने नॅशनल पार्क पाहायचे असतात, कोणी तळ्याकाठी बोट घेऊन जाण्याची स्वप्नं बघतो, आणि गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकांचं सामान तर एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यावंच लागतं. शोरूममधला माणूस इंजिनाचे हॉर्सपॉवर सांगतो, आपण ते शेजाऱ्याच्या गाडीशी ताडून पाहतो आणि वीस हजार डॉलर जास्त मोजून मोकळे होतो. खर्चाचा हिशोब उलट्या बाजूने मांडायला हवा. आधी ट्रेलर आणि माणसं, मग गाडी, आणि इंजिन सर्वांत शेवटी.

आकडा येतो कुठून?

ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून जवळच बुलहेड सिटीहून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा स्टेट रूट ६८ सुमारे साडेअकरा मैल सलग चढत जातो. एसएई जे २८०७ नावाचं जे मानक आहे, त्यातली सर्वांत कडक परीक्षा याच चढावर बेतलेली आहे: बाहेर १०० अंश फॅरनहाइट, आत एसी पूर्ण चालू, मागे दाव्याइतका जड ट्रेलर, आणि गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. हे मानक येण्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवत असे. २०११च्या मॉडेलांपासून टोयोटाने ते सर्वांत आधी स्वीकारलं आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्या रांगेत आल्या. त्यामुळे आज टाहो आणि सिकोया यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात, एवढा फायदा नक्की झाला.

मेख अशी की या परीक्षेत गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या दोन रांगा रिकाम्या. मुलं नाहीत, कूलर नाही, भारतातून आलेले आई-बाबा नाहीत, आणि त्यांच्या चार बॅगा तर नाहीतच. शिवाय माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुतेक वेळा सर्वांत साध्या, दोन चाकांना ताकद देणाऱ्या, टोइंगचं पॅकेज बसवलेल्या मॉडेलचा असतो. बर्फाच्या प्रदेशात राहणारं मराठी कुटुंब मात्र चारही चाकांना ताकद देणारं, काचेच्या छताचं, कॅप्टन सीटांचं वरचं मॉडेल घेतं.

दारातला स्टिकर

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेची माहिती देणारा, पिवळा पट्टा असलेला एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा झाला पेलोड. तो त्या मॉडेलचा सरसकट आकडा नसतो, समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा असतो. म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्या लॉटमध्ये शेजारी शेजारी उभ्या असल्या तरी त्यांच्या स्टिकरांत दीड-दोनशे पौंडांचा फरक दिसू शकतो. मोठी चाकं, काचेचं छत, विजेवर दुमडणाऱ्या सीटा, बाहेर येणाऱ्या पायऱ्या या प्रत्येक चैनीचं वजन पेलोडमधून वजा होतं. महागडी गाडी कमी ओझं वाहते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा विचित्र वाटतं खरं.

मोठ्या एसयूव्हींमध्ये हा आकडा साधारण १,३०० ते १,८०० पौंडांच्या दरम्यान सापडतो. आता या पेलोडमध्ये ट्रेलरचाही वाटा असतो. ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर टेकतं आणि गाडीची मागची बाजू खाली दाबतं. त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर सरळ रेषेत मागे यावा, डोलू नये, यासाठी त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा लागतो. तो कमी करून पेलोड वाचवण्याची युक्ती काही जण लढवतात. हायवेवर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला की ती अंगाशी येते.

हिशोब घालून पाहू. स्टिकरवर १,६०० पौंड आहेत असं धरा. नवरा-बायको, आई-बाबा आणि दोन मुलं: चार मोठी माणसं प्रत्येकी १६०ची, मुलं ८०ची, म्हणजे ८००. बॅगा, कूलर, खुर्च्या, कुकर, पिठाचा डबा वगैरे मिळून २५०. जड ट्रेलरसाठी लागणारी वजन वाटून देणारी हिच ८०. उरले ४७०. टंग वेट १३ टक्के धरलं, तर ४७०मध्ये बसणारा ट्रेलर सुमारे ३,६०० पौंडांचा. गाडी मात्र ८,४०० पौंडांची म्हणून घेतलेली!

त्याच गाडीत नवरा-बायको आणि एकच मूल असेल, तर तोच हिशोब ६,७०० पौंडांच्या आसपास जातो. आता मधल्या आकाराच्या तीन रांगांच्या एसयूव्हीचा स्टिकर १,४००चा धरून सहा माणसांचा हिशोब करा. हलक्या ट्रेलरला साधी ३० पौंडांची हिच पुरते. तरीही उत्तर २,४०० ते २,५००च्या मध्ये येतं. म्हणजे सहा माणसं भरली की ६२ हजारांची मोठी गाडी आणि ४२ हजारांची मधली गाडी यांच्यातला खरा फरक अकराशे-बाराशे पौंडांवर येऊन थांबतो. माहितीपत्रकात तो, ८,४००मधून मधल्या गाडीचे ५,००० वजा करता, ३,४०० पौंडांचा दिसत होता.

होंडा याबाबतीत सरळपणे वागते. पायलटच्या मॅन्युअलमध्ये प्रवाशांची संख्या आणि ट्रेलरचं वजन यांचं कोष्टकच आहे. माणसं वाढली की आकडा उतरत जातो. बाकीच्या कंपन्यांनीही असं कोष्टक छापलं, तर निम्मे वाद मिटतील. विक्री किती मिटेल हे वेगळं.

ओढायचं काय आहे?

दुमडणारा पॉप-अप कॅम्पर १,५०० ते ३,००० पौंडांत बसतो. फायबरग्लासचे छोटे, अंड्याच्या आकाराचे कॅम्परही त्याच घरात. वीस-एकवीस फुटी बोट ट्रेलरसकट साडेचार-पाच हजारांपर्यंत जाते. पंचवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर रिकामा पाच-साडेपाच हजारांचा असतो, पण भरला की सात हजारांच्या आसपास पोहोचतो. विक्रेता नेहमी रिकामं वजन सांगतो. तुम्ही ट्रेलरवरच्या पाटीवरचं कमाल भारासहितचं वजन विचारात घ्या. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालात की ३३० पौंड तिथेच वाढले. त्यावर प्रोपेनच्या टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणं. पाणी मुक्कामाला पोहोचून भरणं हा वजन कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ढोल पथकाचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथे गैरसमज फार. यू-हॉलचा ६ बाय १२ फुटी बंद ट्रेलर रिकामा १,९२० पौंडांचा असतो आणि भरून ४,४००च्या वर न्यायचा नाही. चाळीस ढोल, प्रत्येकी २५ पौंड धरले तरी हजार पौंड. ताशे, स्टँड, ध्वज, पाण्याच्या बाटल्यांचे खोके यांचे आणखी ३०० धरू. एकूण ३,२२० पौंड. एवढ्यासाठी टाहो लागत नाही. पुढे दोघंच बसणार असतील आणि मागच्या सीटा रिकाम्या असतील, तर ५,००० पौंडांची पायलट किंवा पॅलिसेड हे काम निवांत करते. आपल्याकडे घरोघरी असलेली सिएना मात्र ३,५०० पौंडांची. कागदावर बसते, पण पथकातले पाच जण आत कोंबलेत आणि टपावर झेंड्यांच्या काठ्या बांधल्यात की बसत नाही. लहान, ५ बाय ८चा ट्रेलर भरून कमाल २,७०० पौंडांचा. सिएनावाल्यांनी तो घ्यावा, लागलाच तर दोन फेऱ्या माराव्यात. आणि यू-हॉलचा नियम ताशी ५५ मैलांचा आहे, तो विसर्जनाच्या दिवशीही लागू असतो.

बाजारात काय मिळतं

पाच हजार पौंडांचा गट मोठा आहे: टोयोटा ग्रँड हायलँडर, होंडा पायलट, ह्युंदाई पॅलिसेड, किया टेल्युराइड, सुबारू असेंट, फोक्सवॅगन ॲटलस, फोर्ड एक्सप्लोरर. ३६-३७ हजारांपासून ५५ हजारांपर्यंत यांची रेंज. मात्र गाडीचं नाव पाहून पाच हजार गृहीत धरू नका. दोनच चाकांना ताकद देणारी पायलट ३,५००च ओढते. ग्रँड हायलँडरचा इंधन वाचवणारा २.५ लिटरचा हायब्रिडही ३,५००ला थांबतो, पाच हजारांसाठी टर्बो पेट्रोल किंवा ३६२ हॉर्सपॉवरचा हायब्रिड मॅक्स घ्यावा लागतो. निसान पाथफाइंडरचे वरचे प्रकार ६,००० पौंडांपर्यंत जातात, मूळ प्रकार नाही. डॉज ड्युरँगो या गटात असूनही नसल्यासारखी आहे: व्ही-६ इंजिनाला ६,२००, हेमी व्ही-८ला ७,४००. तिसरी रांग तोकडी आहे, पण चार माणसांच्या कुटुंबाला बोट ओढायची असेल तर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गाडी हीच.

त्याच्या वर, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्या. टाहो, सबर्बन, एक्स्पेडिशन, सिकोया, आर्माडा, वॅगोनियर. यांत ६० हजारांच्या आसपास प्रवेश मिळतो आणि ८० हजारांना पोहोचायला फारसं काही करावं लागत नाही. इथे पॅकेजची खातरजमा जास्त महत्त्वाची. एक्स्पेडिशनचे ९,६०० पौंड हेवी ड्यूटी टो पॅकेज असेल तरच. ते नसेल तर आकडा हजारो पौंडांनी खाली येतो. त्या पॅकेजमध्ये फक्त हिच नसते, जास्त थंड ठेवणारी व्यवस्था आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलरही येतो. डीलर म्हणेल, ‘हिच आम्ही नंतर बसवून देऊ.’ तो बसवेलही. रेडिएटर कोण बदलणार?

इंजिन

आता इंजिनाकडे वळू. चार जाती आहेत.

जुन्या पठडीतलं, टर्बोशिवायचं व्ही-८. टाहोचं ५.३ लिटर इंजिन ३५५ हॉर्सपॉवरचं, टॉर्क ३८३ पौंड-फूट. साधी रचना, गल्लोगल्ली माहीत असलेले मेकॅनिक, आवाजही छान. दोष एकच, पूर्ण ओढ मिळवायला इंजिन जोरात फिरवावं लागतं. त्यावरचं ६.२ लिटरचं इंजिन ४२० हॉर्सपॉवरचं आहे. जुनी घेत असाल तर इथे सावध व्हा: २०२१ ते २०२४ या मॉडेलांतल्या या इंजिनाच्या क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे जनरल मोटर्सने एप्रिल २०२५मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. तपासणीत जी इंजिनं पास झाली, त्यांत आधीपेक्षा दाट, ०डब्ल्यू-४० ऑइल घालायचं ठरलं. जुनी टाहो, युकॉन किंवा एस्कलेड पाहताना गाडीचा व्हीआयएन सरकारच्या एनएचटीएसएच्या साइटवर टाका. काम झालं आहे की नाही ते फुकटात कळतं.

दुसरी जात सहा सिलिंडरांच्या टर्बोची. एक्स्पेडिशनचं ३.५ लिटरचं इकोबूस्ट ४०० हॉर्सपॉवर आणि ४८० पौंड-फूट देतं, नव्या आर्माडाचं त्याच आकाराचं इंजिन ४२५ आणि ५१६. वॅगोनियरचं तीन लिटरचं हरिकेन सहा सिलिंडर एका रांगेत ठेवतं आणि ४२० हॉर्सपॉवर काढतं. या इंजिनांची जादू कमी फेऱ्यांवरच्या टॉर्कमध्ये आहे. चढावर गाडी आरडाओरडा करत नाही. मात्र ओझं ओढताना टर्बो सतत काम करतो आणि पेट्रोलही तितक्याच हौसेने पितो. रिकामी असताना चांगलं मायलेज देणाऱ्या या गाड्या ट्रेलर लावला की व्ही-८च्या पंक्तीत जाऊन बसतात.

कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी किंवा तिकडे ट्रेलर नेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. आपला बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचलं तरी आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन हजार फुटांवर असतो. त्यामुळे घाटात गाडी दमते ती चढामुळे, हवेमुळे नव्हे. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. तिथे ३५५ हॉर्सपॉवरच्या व्ही-८मधले २४०च्या आसपास उरतात, आणि पायलटच्या २८५चे १९०. तेवढ्यात सहा माणसं आणि कॅम्पर चढवायचा, तर उजव्या लेनमध्ये धोक्याचे दिवे लावलेल्या ट्रकांमागे जायची मानसिक तयारी ठेवा. टर्बो इंजिन आत दाबून हवा भरत असल्याने हा तोटा बराचसा भरून काढतं. टेक्सासच्या किंवा फ्लोरिडाच्या सपाटीवर राहणाऱ्याला या एका गुणासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही.

तिसरी जात हायब्रिडची. सिकोयात टर्बो व्ही-६ला विजेची मोटर जोडून ४३७ हॉर्सपॉवर आणि ५८३ पौंड-फूट टॉर्क मिळवला आहे. जागेवरून ट्रेलर हलवताना, विशेषतः बोटीच्या ओल्या रॅम्पवरून वर येताना, त्या मोटरचा हात लागलेला जाणवतो. त्या बदल्यात बॅटरीने मागची जमीन उचलली आहे. तिसऱ्या रांगेमागे सामानाला जागा इतकी कमी, की सात जणांचं कुटुंब असेल तर बॅगा टपावर जातात. सिकोया आवडली असेल तर कुटुंबाच्या सगळ्या बॅगा घेऊन शोरूममध्ये जा आणि त्या भरून बघा. विक्रेता हसेल, हसू द्या.

चौथं डिझेल. टाहो आणि सबर्बनमध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ड्युरामॅक्स मिळतं, नव्या रूपात ३०५ हॉर्सपॉवर, ४९५ पौंड-फूट. लांब पल्ल्याला, जड ट्रेलर घेऊन, वर्षातून अनेकदा जाणाऱ्याला यासारखं इंजिन नाही, हे माझं स्पष्ट मत. रिकामी गाडी गॅलनला २२ मैलांच्या आसपास जाते, पेट्रोलची टाहो १७च्या. पण पंपावर डिझेल महाग, वर डीईएफ द्रव अधूनमधून भरायचा. आणि या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ऑइल पंपाचा पट्टा दीड लाख मैलांना बदलायचा असतो. तो आहे इंजिनाच्या मागच्या बाजूला, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सव्वा लाख मैल चाललेली डिझेल टाहो स्वस्तात मिळत असेल तर हे काम भावात धरूनच बोला.

विजेच्या गाड्यांचं थोडक्यात. रिव्हियन आर१एस ७,७०० पौंड ओढते, किया ईव्ही९ काही प्रकारांत ५,०००. ताकदीची चणचण नाहीच. पण मोठा कॅम्पर लावला की पल्ला निम्म्यावर येतो आणि बहुतेक चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी आत घालता येत नाही. चाळीस मैलांवरच्या तळ्यापर्यंत बोट न्यायला उत्तम. यलोस्टोनसाठी मी तरी सुचवणार नाही.

पैशांचा हिशोब

पेट्रोलची मोठी एसयूव्ही पाच-सहा हजार पौंडांचा ट्रेलर ओढताना गॅलनला ९ ते ११ मैल देते, डिझेल १२ ते १४. सहाशे मैलांच्या फेरीला पेट्रोलचे ६० गॅलन लागले आणि भाव सव्वातीन डॉलर धरला, तर १९५ डॉलर. डिझेलचे ४६ गॅलन, पावणेचार डॉलरने १७३. एका फेरीमागे बावीस डॉलर वाचले. उन्हाळ्यात दोनदा जाणाऱ्याने डिझेल इंधनाच्या बचतीसाठी घेऊ नये, एवढं यातून दिसतं.

खरा खर्च ट्रेलर नसलेल्या दिवसांत होतो. वर्षाला १२,००० मैल चालवणारं कुटुंब १७च्या सरासरीने ७०६ गॅलन जाळतं. ३४ची सरासरी देणाऱ्या ग्रँड हायलँडर हायब्रिडला त्याच्या निम्मे पुरतात. सव्वातीनच्या भावाने वर्षाला सुमारे १,१५० डॉलरचा फरक, पाच वर्षांत ५,७००. गाड्यांच्या किमतीतला फरक १७ हजार धरला, तर न्यू जर्सीच्या ६.६२५ टक्क्यांनी त्यावरचा विक्रीकर आणखी ११००. विकताना त्यातले काही परत मिळतील हे मान्य करूनही रक्कम डोळ्यांत भरते. त्याऐवजी आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवरून ट्रेलर भाड्याने घेता येतो आणि बरेच मालक तो थेट कॅम्पग्राउंडवर आणून उभा करतात. रात्रीचे १३० डॉलर, तीन रात्री, वर आणून देणं, सफाई आणि विमा मिळून अडीचशे धरा: एका सहलीचे साडेसहाशे. वर्षातून दोनदा गेलात तर पाच वर्षांत साडेसहा हजार. गाडी मधलीच ठेवायची, आई-बाबांना तिसऱ्या रांगेत न कोंबता दुसऱ्या रांगेत बसवायचं, आणि ट्रेलर दुसऱ्याने ओढायचा. वर्षातून चार-पाच सहली किंवा स्वतःची बोट असल्याशिवाय मोठी गाडी मला परवडणारी वाटत नाही.

घ्यायचीच ठरलं, तर वरखर्च हे असे. कंपनीची हिच नसेल तर बाहेरून बसवलेल्या मजबूत हिचला बसवणुकीसह ४०० ते ६०० डॉलर. ब्रेक कंट्रोलर शंभर ते दोनशे. वजन वाटून देणारी, डोलणं आवरणारी हिच ३०० ते १,०००. चार हजार पौंडांपुढे तिथे काटकसर करू नका. जादा आरसे पन्नास ते शंभर. वायरिंगमध्ये चार पिनांची आणि सात पिनांची अशी दोन सॉकेट असतात. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर सात पिनांचंच लागतं. जुनी पॅलिसेड किंवा टेल्युराइड घेणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट पाहावी. २०२२मध्ये या दोन्ही गाड्यांच्या हिचचं वायरिंग ओलावा शिरून पेट घेऊ शकतं म्हणून अमेरिकेत अडीच लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या घराबाहेर उभ्या करायला सांगितलं होतं. एवढं करून गिअरबॉक्सचं ऑइल आणि ब्रेक पॅड मॅन्युअलमधल्या ‘सिव्हिअर’ वापराच्या वेळापत्रकाने बदलावे लागतात, ते वेगळं.

कायदे राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, न्यू जर्सीत ३,००० पौंडांपुढे, टेक्सासमध्ये ४,५००च्या पुढे. कॅलिफोर्नियात मागे काहीही लावलं की कमाल वेग ५५. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला मनाईच आहे. फोनवरचा नकाशा ते सांगत नाही आणि कमी उंचीच्या दगडी कमानी तर अजिबात समजून घेत नाहीत. विम्याचं असं, की ट्रेलरमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते साधारणपणे गाडीच्या पॉलिसीत येतं, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. एजंटकडून लेखी घ्या. भाड्याच्या गाडीला ट्रेलर लावणं बहुतेक कंपन्यांच्या करारात बसत नाही, तेव्हा ‘गाडी भाड्याने आणि ट्रेलर यू-हॉलचा’ हा बेत आखण्याआधी करार वाचा.

पहिल्या सहलीला सगळं भरून, सगळ्यांना बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. वजनाचे पंधरा डॉलरच्या आसपास पडतात, लगेच दुसऱ्यांदा केलं तर त्याहून बरेच कमी. एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून, असं दोनदा वजन करा. पहिल्या पावतीवर गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस असे तीन आकडे येतात. पुढच्या-मागच्या आसांची बेरीज म्हणजे माणसं, सामान आणि टंग वेट धरून गाडीचं भरलेलं वजन. ती दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या स्टिकरवर छापलेल्या कमाल एकूण वजनाशी ताडून पाहा, आणि मागच्या आसाचा आकडा त्याच स्टिकरवरच्या मागच्या आसाच्या मर्यादेशी. बहुतेक वेळा आधी मागचा आसच मर्यादा ओलांडतो. तसं झालं असेल तर कूलर आणि पाण्याचे कॅन गाडीतून काढून ट्रेलरमध्ये, चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा, आणि पुन्हा वजन करा.